पोळ्याचं आवतण घेतलेलं यंत्र

लहानपणी चंद्रभानला कोणी विचारलं, मोठा होऊन काय करशील, तर तो म्हणायचा, 'चिखलात गाडी चालवीन.' असं उत्तर देणाऱ्या पोराकडून कोणी फार अपेक्षा ठेवत नाही, त्यामुळे त्याचं बालपण तसं निवांत गेलं. घरातलं घड्याळ त्यानं उघडलं, सायकलचा डायनामो उघडला, आणि एकदा पाहुण्यांची सुटकेससुद्धा, आत कुलूप कसं बसवलंय ते पाहायला. मार खाल्ला तो फक्त सुटकेसबद्दल.

बाळापूरपासून दोन कोसांवर त्याचं गाव. जमीन काळी, कसदार, आणि पावसाळ्यात कमालीची लोचट. एकदा धो धो बरसलं की ती जे धरेल ते सोडत नाही, मग ती वहाण असो, बैलाचा खूर असो की गाडीचं चाक. ओल उतरून माती पाय ठेवण्याजोगी होणं म्हणजे वाफसा. तो येईपर्यंत वावरात शिरायची सोय नाही, आणि तणाला वाफशाशी काही देणंघेणं नसतं. कपाशी वीतभर वाढेस्तोवर तण कमरेला लागतं. चंद्रभानचे वडील महादेवराव बांधावर उभे राहून त्या तणाकडे बघत आणि काही न बोलता घरी येत. बोलण्याचं खातं त्याच्या आईकडे, मैनाबाईंकडे होतं, आणि त्या ते दोघांच्या वाटचं सांभाळत.

असा हा मुलगा अमरावतीला इंजिनिअरिंग कॉलेजात गेला तेव्हा गावाला वाटलं, आता हा पूल बांधेल, धरण बांधेल, निदान गावचा रस्ता तरी करेल. यानं शेवटच्या वर्षाला संशोधनासाठी विषय घेतला तो असा: वाफसा नसलेल्या काळ्या मातीत, सोबत माणूस किंवा बैल नसताना, आपलं आपण चालणारं यंत्र.

"सोबत माणूस का नको?" कॉलेजातल्या सरांनी विचारलं.

"माणूसही रुतते ना, सर."

सरांनी सही करून टाकली.

पुढचे महिने त्याला तहानभूक राहिली नाही. मोडीत निघालेल्या मिलिटरीच्या जीपगाड्यांचे वायपर हलवणाऱ्या दोन मोटरी त्यानं भंगारवाल्याशी दोस्ती करून मिळवल्या. रॉकेलची मोठी पिंपं कापून रुंद चाकं केली, म्हणजे भार पसरेल आणि यंत्र रुतणार नाही. चाकाला चिकटलेली माती खरवडायला बाभळीच्या फळ्या लावल्या. आणि पुढे बसवले दोन डोळे. डोळे म्हणजे काळ्या नळीत बसवलेल्या दोन काचेच्या टिकल्या. त्यांच्यावर उजेड पडला की वीज वाहायची. डाव्या डोळ्याला उजेड जास्त दिसला की यंत्र डावीकडे वळायचं, उजव्याला दिसला की उजवीकडे. वावराच्या त्या टोकाला कंदील ठेवला की हे इकडून निघून, चिखल तुडवत, थेट कंदिलापाशी जाणार. दोन डोळ्यांच्या मधोमध त्यानं चालू करायचं तांबडं बटन बसवलं. ते मागे बसव असं सगळे सांगत होते, पण पुढून छान दिसतं म्हणून त्यानं ते पुढेच ठेवलं. बंद करायचं तर मागे जाऊन बॅटरीची तार उपटायची.

पहिल्यांदा ते होस्टेलच्या व्हरांड्यात कंदिलाच्या मागे गेलं तेव्हा चंद्रभान अंडरपँटवर नाचला. बघायला आलेली पोरंही नाचली. यंत्रही थोडं नाचलं, कारण नाचताना कंदील चंद्रभानच्या हातातच होता.

आणि मग एप्रिलात परीक्षा आली.

बाहेरचे परीक्षक नागपूरहून आले होते. चिंतामणराव त्यांचं नाव. पांढरीशुभ्र पँट, इस्त्रीचा शर्ट, आणि चेहऱ्यावर असा भाव की मला कोणी अजून फसवू शकलेलं नाही. उन्हाळ्यात चिखल कुठला, म्हणून पोरांनी मैदानात घागरीच्या घागरी ओतून तो तयार केला होता. ट्रकची जड बॅटरी तेव्हा यंत्रावर मावत नव्हती. ती बाजूला ठेवून लांब वायर जोडली होती, आणि ती वायर चाकात जाऊ नये म्हणून एक मित्र ती उचलून धरून मागे मागे चालत होता. संध्याकाळी यंत्र निघालं, डुलत डुलत कंदिलाकडे गेलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. चिंतामणरावांनी वायर धरलेल्या मुलाकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हा दोरीनं चालवायचा खेळ आहे. जत्रेत चांगला चालेल."

"दोरी नाही सर, वायर आहे. तिच्यातून फक्त वीज जाते."

"ओढणाऱ्याच्या हातात आहे, म्हणजे दोरीच."

निकाल राखून ठेवला. वर्गातले बाकीचे पास होऊन नोकऱ्यांना लागले, आणि चंद्रभान मागे उरला. नापास झाला असता तर त्याला एवढं लागलं नसतं, नापास होणं त्याला माहीत होतं. पण मेसमध्ये त्याला 'दोरीवाला' म्हणू लागले. भाजी वाढणारासुद्धा म्हणायचा, 'दोरीवाले साहेबांना वाढा.' घासाबरोबर ते गिळावं लागायचं. पदवी मिळो न मिळो, त्या माणसानं एकदा आपल्या तोंडानं म्हणावं की हे आपलं आपण चालतं, एवढंच त्याला हवं होतं. त्यानं कॉलेजात अर्ज केला: पावसाळ्यात माझ्या गावी या, खरा चिखल दाखवतो. चिंतामणरावांनी कळवलं, अकोल्याला काम आहे, श्रावण संपता संपता केव्हातरी चक्कर टाकीन. एकदाच येईन.

अडुसष्टचा श्रावण. एस.टी.च्या टपावर बांधून यंत्र गावी आलं. कंडक्टरनं त्याला तिकीट लावावं की सामान म्हणावं यावर आधी घोळ घातला, मग अकोल्यापर्यंत त्याच्याबद्दल उतारूंना भाषण दिलं. महादेवरावांनी घरामागच्या वावरात एक पट्टा कपाशी न पेरता सोडला होता. चंद्रभाननं त्या पट्ट्यात बॅटरी यंत्राच्या पाठीवरच बसवायची कसरत केली, आणि ते एकदाचं जमलं. आता वायर नाही, मागे माणूस नाही. हे गोठ्यात, बैलांच्या शेजारी उभं राहायचं. बैल त्याला हुंगत आणि तोंड फिरवत.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी होती. वर्षभर जू वाहून झिजलेल्या बैलांच्या खांद्यांना पळसाच्या पानानं हळद-लोणी चोळायचं, आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. मैनाबाईंनी दोन्ही बैलांचे खांदे मळले, आणि पान हातात तसंच धरून त्या यंत्रासमोर थांबल्या.

"चंदू, याची खांद कुठी हाये रे?"

"माय, ते यंत्र हाये."

"मंग? वावरातलं काम करते ना? दिवसभर पाहून राहिली मी. बैलापेक्षा जास्त राबून राहिलं बिचारं. खांद सांग."

चंद्रभानला हसू आवरेना. त्यानं चाकाचा आस दाखवला. मैनाबाईंनी त्याला हळद-लोणी चोळलं, आणि बैलांना म्हणाव्या तशाच गंभीरपणे म्हणाल्या, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." घरचा सालदार पुंजाराम, ज्याच्या हाताखाली हे बैल लहानाचे मोठे झाले, त्यानं हातातला कंदील यंत्राच्या डोळ्यांसमोर जरा वर-खाली हलवला आणि म्हणाला, "घेतलं त्यानं." चंद्रभान पोट धरून हसला. आपण कशात पाय टाकलाय याची त्याला कल्पना नव्हती.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना चिंतामणराव आले.

त्यांची जीप गावाबाहेरच्या नाल्यात रुतली होती, ड्रायव्हर ती काढत बसला होता. पांढरी पँट गुडघ्यापर्यंत काळी झाली होती, एका पायातला बूट नाल्यानं ठेवून घेतला होता. ओसरीवर बसत ते म्हणाले, "चिखल खरा आहे, हे मान्य. आता यंत्र दाखवा. मला अंधाराआधी निघायचंय."

चंद्रभाननं कंदील उचलला आणि गोठ्याकडे धावला. गोठ्याच्या दारात पुंजाराम उभा होता. बैलांना घेऊन महादेवराव गावच्या तोरणाखाली गेले होते. गोठ्यात फक्त यंत्र होतं, अंगावर बैलांची जुनी झूल, पुढे झेंडूची माळ.

"कुठी नेता भाऊ त्याले?"

"वावरात. परीक्षक आले."

"आज पोळा हाये," पुंजाराम म्हणाला. "आज कोणाच्या मानेवर जू ठेवत नाई."

"त्याले मान नाई, पुंजाराम."

"खांद व्हती ना काल? आवतण देल्लं ना? आवतण देऊन कामाले जुपता, असं कुठी असते काय?"

मैनाबाई बाहेर आल्या. त्यांनी मुलाकडे पाहिलं, पाहुण्याकडे पाहिलं आणि पुंजारामच्या बाजूनं कौल दिला. उद्या सकाळी पाहिजे तेवढं चालव, आज नाही. चंद्रभान हातापाया पडला. सर उद्या नसणार, माय. माझं नाव खराब होऊन राहिलं, माय. मैनाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मान हलली नाही. लेकाचं नाव मोठं, पण आवतण दिलेल्या जिवाला राबवण्याचं पाप त्या लेकाच्याच डोक्यावर बसणार, हे त्यांना दिसत होतं. हा माणूस पुन्हा येणार नाही, आणि आपण जन्मभर दोरीवाले राहणार, हे चंद्रभानला दिसत होतं.

शेवटचा उपाय म्हणून तो म्हणाला, "अरे, पण मी त्याले जुपतच नाई. ते आपलं आपण चालते."

पुंजारामनं यावर नीट विचार केला. तो अडवणारा माणूस नव्हता, फक्त नियमाचा होता. "आपलं आपण चालत असन तर चालू द्या," तो म्हणाला. "पोळ्याच्या दिवशी बैल आपल्या मनानं वावरात फिरला तर त्याले कोण अडवते? पण तुमी बटन दाबान. बटन दाबलं म्हणजे जुपलंच."

ओसरीवरून चिंतामणराव प्रथमच हसले. "तुमच्या माणसाचं म्हणणं बरोबर आहे," ते म्हणाले. "मी तरी एप्रिलमध्ये वेगळं काय म्हणालो होतो?"

चंद्रभाननं न पेटवलेला कंदील गोठ्याच्या खुंटीला परत अडकवला.

तेवढ्यात गावाकडून ढोल वाजला. पोळा फुटला. आता सजलेले बैल घरोघर ओवाळून घ्यायला निघणार. चिंतामणराव निघायला उठले होते, पण मैनाबाई म्हणाल्या, "सायेब, सणाच्या दिवशी उपाशी जाऊ नका. बैल येवोस्तोवर याले ओवाळून घेतो, मंग पान वाढतो." आवतण दिलं होतं, तर मान द्यायलाच हवा होता. बाहेर अंधारून आलं होतं. पुंजारामनं यंत्र अंगणात आणून उभं केलं. मैनाबाई ताट घेऊन आल्या, ताटात कुंकू, अक्षता, सुपारी आणि तुपाचं निरांजन. त्यांनी आधी यंत्राच्या चाकांवर पाणी घातलं. मग कुंकू लावायला त्यांनी कपाळ शोधलं. दोन डोळ्यांच्या मधोमध एक छान वाटोळी जागा होती, तांबडीच. मैनाबाईंनी तिथे अंगठा टेकवून, चांगला दाबून, कुंकू लावलं.

यंत्र गुरगुरलं.

मैनाबाई दचकल्या, पण देवाधर्माचं काम त्या अर्धवट सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी निरांजन ओवाळायला सुरुवात केली. ताट डावीकडे गेलं, यंत्र डावीकडे वळलं. ताट उजवीकडे गेलं, यंत्र उजवीकडे वळलं. झूल हलली, झेंडूची माळ डुलली. पुंजारामनं हात जोडले. मैनाबाई एक पाऊल मागे सरल्या, यंत्र एक पाऊल पुढे आलं. त्या दोन पावलं सरल्या, ते दोन पावलं आलं. मग मैनाबाईंनी पाठ फिरवली आणि ताट पुढे धरून चालू लागल्या, भरभर. यंत्राला ताटाची चमक बाजूनं दिसत राहिली आणि तेही निघालं, म्हशीच्या चालीनं, न दमता.

"चंदू, हे मांगं येऊन राहिलं बापा."

"दिवा खाली ठेव, माय."

पेटलेलं निरांजन, ओवाळून व्हायच्या आत, कुठे खाली ठेवणार? विझवण्याचा तर प्रश्नच नव्हता. मैनाबाईंनी एका हातानं ज्योतीला आडोसा केला, दुसऱ्या हातात ताट धरलं, लुगडं खोचलं, आणि गोठ्याला वळसा घालून सरळ वावरात शिरल्या. या चिखलात पाऊल कुठे ठेवायचं ते त्यांना जन्माचं पाठ होतं. यंत्र मागोमाग वावरात शिरलं. चंद्रभान बॅटरीची तार उपटायला धावला, आणि पहिल्याच चार ढांगांत गुडघ्यापर्यंत रुतला. त्याच्या डोळ्यांदेखत यंत्र त्या चिखलावरून, पिंपाच्या रुंद चाकांवर, पसरट, हलकं, झूल मिरवत पुढे गेलं. बाभळीच्या फळ्या माती खरवडत होत्या, चाकं स्वच्छ होती. महिनेन्‌महिने त्यानं जे मनात पाहिलं होतं ते तिथे घडत होतं, फक्त समोर त्याची आई पळत होती. आईला वाचवावं की यंत्र बघत राहावं, हे त्याला कळेना. खरं सांगायचं तर तो बघत राहिला.

पहिली मदत गेली ती परीक्षकांची. चिंतामणराव एका बुटावर वावरात उतरले, दुसरा बूटही गमावला, पडले, उठले, आणि शेवटी अनवाणी मैनाबाईंच्या वाटेत आडवे जाऊन उभे राहिले. "द्या, बाई, ते ताट माझ्याकडे."

"धरा. पण इजू देऊ नका सायेब, लक्ष्मी हाये," म्हणून मैनाबाईंनी ताट त्यांच्या हातात दिलं आणि त्या बाजूला झाल्या.

यंत्र थांबलं, वळलं, आणि चिंतामणरावांकडे निघालं.

एव्हाना अख्खं गाव बैल घेऊन मागच्या बांधावर येऊन ठेपलं होतं. पुढे महादेवराव, मागे ढोल, बाशिंग बांधलेले बैल, आणि सगळ्यांच्या पुढ्यात हे दृश्य: अंधारातल्या चिखलात पांढऱ्या कपड्यांतला एक शहरी माणूस ओवाळणीचं ताट हातात घेऊन उलटा चालतोय, आणि त्याच्या तोंडासमोर, त्याच्याच रोखानं येणारं झूल पांघरलेलं यंत्र. लोकांनी क्षणभर पाहिलं आणि मग त्यांना जे वाटलं ते म्हणाले.

"अरे, सायेब ओढून राहिले त्याले."

"दोरी लपवली असन बुशकोटात."

"नागपूरचा जादूगार आणला काय, मैनाबाई?"

हसण्याचा असा गदारोळ उठला की बैलही माना वर करून बघू लागले. चिंतामणराव उजवीकडे वळले, यंत्र उजवीकडे वळलं. बांधावरून टाळ्या पडल्या. ते डावीकडे वळले, तेही वळलं. पुन्हा टाळ्या. आयुष्यात पहिल्यांदाच एवढे लोक त्यांच्यावर लबाडीचा आळ घेत होते, आणि तोही इतक्या आनंदानं. त्यांना ते सहन होईना. ताट सांभाळत, ज्योतीला हाताचा आडोसा करत, ते बांधाकडे बघून ओरडले:

"अहो, दोरी नाही. मी ओढत नाहीये. ते आपलं आपण येतंय."

आणि मग त्यांनी आपलंच बोलणं ऐकलं.

चिखलात रुतलेल्या चंद्रभाननं ते ऐकलं. बांधावरचा गलका चालूच होता, कोणी खात्री करायला परीक्षकांचा खिसा तपासायला उतरत होतं, पुंजाराम सगळ्यांना सांगत होता की आज याला कोणी जुपलेलं नाही, ते आपल्या मनानं फिरतंय, अडवू नका. चिंतामणरावांनी ताट उंच धरलं, मग खाली धरलं, मग वर्तुळात फिरवलं. यंत्रानं सगळं केलं. ते आता परीक्षा घेत नव्हते. आठ वर्षांचं पोरगं नवं खेळणं हातात आल्यावर जसं करेल तसं त्यांचं चाललं होतं, आणि त्यांचं त्यांनाच हसू फुटलं होतं. शेवटी ते यंत्राला घेऊन चंद्रभानपर्यंत आले. यंत्र त्याच्यापाशी आल्यावर चंद्रभाननं हात लांब करून मागची तार उपटली. गुरगुर थांबली.

निरांजनाच्या उजेडात चिंतामणरावांचा चेहरा चिखलानं माखलेला दिसत होता. त्यांनी यंत्राच्या मागे हात फिरवून पाहिला, खाली पाहिलं, झुलीखाली पाहिलं. काही नव्हतं. मग ते हळूच, गावाला ऐकू जाणार नाही असं, म्हणाले, "एप्रिलमध्येही दोरी नव्हती, नाही?"

"नव्हती सर," चंद्रभान म्हणाला. गुडघाभर चिखलात उभा राहून तो रडायला लागला, आणि परीक्षकांनी ताट एका हातात सावरून दुसरा हात त्याला बाहेर ओढायला पुढे केला.